येळवशीचा हरभरा

१

येळवशीला जनावरांचा दवाखाना उघडून काही उपयोग नाही, असं शिपायानं मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. "म्याडम, उद्या गावात कुत्रंसुदिक नसतंय. समदा गाव रानात. म्हशीलाबी ठाव असतंय, उद्या आजारी पडायचं न्हाई."

मी पूर्णेची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे सण म्हणजे वडिलांच्या ड्युटीतून वेळ उरला तर करायचा. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवायला जातं, कडब्याचं खोपटं म्हणजे कोप करून त्यात पाच दगडांचे पांडव मांडतं, वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून पंगतीला बसवतं, हे राणीसावरगावला बदली होईपर्यंत मी नुसतं ऐकून होते. म्हटलं, बरंय, एक दिवस झोप काढू.

झोप कसली! ऊन वर यायच्या आत वनपाल महारुद्रकाकांचा फोन. "डॉक्टर, या. डोंगराच्या पायथ्याला हरणं मेलीत. आणि पोलिसांनी माणूस धरलाय."

गायरानाच्या कडेला सिद्धोधनची झोपडी. त्याच्या बापानं गायरानातले दगड वेचून नांगराखाली आणलेला तुकडा, त्यात ज्वारी, आणि झोपडीसमोर जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हाळ. त्या हाळाभोवती ती पडली होती. एक काळवीट, शिंगं मातीत रुतलेली. तीन माद्या. एक पाडस, त्याचं तोंड आईच्या पोटाशी. सगळ्यांच्या तोंडाला फेस. मला रडूच आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. पन्नास माणसं बघत होती.

सिद्धोधन जीपमध्ये बसलेला होता. त्याच्या झोपडीत फवारणीच्या औषधाची बाटली सापडली होती, आणि जमादारांच्या मते एवढं पुरे होतं. हाळात विष कालवलं, मटण विकायचा बेत होता, संपली गोष्ट. पंचनामा करताना हाळातलं पाणीही त्यांनी ओतून दिलेलं. मी म्हटलं, "अहो, पाण्याचा नमुना?" तर जमादार म्हणाले, "बाकीची जनावरं पिऊन मरू देऊ का म्याडम?" डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या!

"बाटली कापसाची हाय," सिद्धोधनची बायको बबिता म्हणत होती. ती ओरडत नव्हती, तेच जास्त वाईट वाटत होतं. "हर झोपडीत हाय तसली बाटली. माझी शेळी पहाटं ह्याच हाळात पाणी पिली, ती बगा, उभी हाय."

"शेळीला आधी पाजलं असेल, विष मागून टाकलं असेल," गर्दीतून आवाज आला. पांढरं धोतर, हातात मोबाइल. वरच्या बागायतीचे दत्तराव. पोलिसांना फोन त्यांनीच केला होता. "मी तर चार वर्षं सांगायलोय. गायरान मोकळं करा. असल्यांच्या हातात जमीन दिली की हेच व्हायचं."

जीपच्या दाराला धरून एक सुकलेला, टोपीवाला माणूस उभा होता. मुंजाजी, सिद्धोधनचा शेजारी. "सायेब, त्यो तसा न्हाई वो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जीप निघाली तशी त्यानं टोपी काढून तोंड पुसलं.

काळवीट मारणं म्हणजे सात वर्षांपर्यंत आत. बबिता माझ्या जवळ आली. "बाई, त्यांना उद्या गंगाखेडला कोर्टात नेतेत. एकदा गुन्हा लागला की ही जमीन गेली. मग लेकरं घेऊन मी कुठं जाऊ?"

मी काय सांगणार? मी गुडघ्यावर बसून माझं काम सुरू केलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, म्हणजे कीटकनाशकच. मग एका मादीचा जबडा उघडला. दाढांच्या मध्ये हिरवा चोथा अडकलेला होता, अर्धवट चावलेला, आणि त्यालाच लसणासारखा उग्र वास येत होता. दुसरीचा उघडला. तिच्याही दाढांत तेच, आणि त्यात हरभऱ्याचा अर्धा घाटा.

विष पाण्यात नव्हतंच. ते हरभऱ्यावर होतं.

२

"हे कुणाला सांगितलं?" महारुद्रकाकांनी विचारलं.

"अजून कुणालाच नाही."

"सांगू नका."

महारुद्रकाका रिटायरमेंटला आलेले. अंगानं चांगले भरलेले, चालायला हळू, बोलायला त्याहून हळू. गडबडीचं काम सांगितलं की आधी खिशातली बडीशेप काढून तोंडात टाकतात. माझा जीव अशा माणसापुढे अर्धा होतो.

"काका, सांगू नका काय? तो माणूस ठाण्यात बसलाय! सिद्धोधनकडे हरभरा नाहीच, नुसती ज्वारी आहे. आत्ता जाऊन सोडवू त्याला."

"जमादार काय म्हणतील? म्हणतील, हरभरा खाल्ला आणि वरनं विषाचं पाणी पिलं. तुमचा चोथा परभणीला जाईल, तिथनं पुढं लॅबला. रिपोर्ट यायला महिना. तवर ह्याची जमीन जाईल." त्यांनी डोंगराकडे हात केला. वर खडी क्रशरनं अर्धा डोंगर कापून पांढरा केलेला. "हरणं तिथं चरायची. आता तिथं गवताची काडी न्हाई. गायरान निम्मं नांगरलं. मग ती खाली येतेत पिकात. ह्या बाजूला गायरानाला लागून हरभरा तिघांचाच. वर दत्तरावाचा, मधी रुख्मिणीबाईचा आणि खाली वढ्याला मुंजाजीचा. तिघांनीबी घाटेअळीसाठी गेल्या महिन्यात फवारलंय, मी पंप घेऊन जाताना बघितलेत. म्हणजे बाटल्या शोधून काही कळणार न्हाई."

"मग कसं कळणार?"

काकांनी पँट झटकली. "चला. जेवायला जाऊ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाडसाच्या अंगावर माशा बसत होत्या, आणि ह्यांना जेवण सुचत होतं!

"आज येळवस हाय डॉक्टर. आज कुणाच्याबी रानात शिरलं तर कामून आलाव म्हणून विचारत न्हाईत. बसा म्हणतेत आणि वाढतेत, आणि पाव्हण्याच्या ताटात कुणी विष वाढत न्हाई. तिन्ही घरी जेवायचं. तुमी फक्त एक करा, ताटात काय पडतंय ते बगा."

३

दत्तरावांच्या रानात कोपीपुढं मोठी सतरंजी अंथरलेली. परभणीहून, औरंगाबादेहून आलेल्या गाड्या बांधावर. मनात आलं, हाच माणूस. ह्यालाच गायरान पाहिजे. हरणं मारली, आळ सिद्धोधनवर टाकला, एका दगडात दोन पक्षी. खरं सांगते, मला तोच गुन्हेगार हवा होता.

"या साहेब, या डॉक्टरीणबाई!" दत्तराव स्वतः उठून आले. "सकाळी जरा गरम झालो. पण मी तोंडावर बोलणारा माणूस. मला ते गायरान सोलरवाल्यांना द्यायचंय, लपवायचं काय त्यात? गावाला फायदा."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मलाबी. मी काय साधू हाय व्हय?" ते मोठ्यानं हसले. "पण हरणांशी माझं वैर न्हाई. माझ्या रानाला चारी बाजूनं झटका मशीन हाय. तार शिवली की पळतेत. मरत न्हाईत."

ताटात भज्जी पडली. येळवशीची भज्जी म्हणजे तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, हिरवा हरभरा, जे रानात हिरवं असेल ते सगळं आंबट ताकात शिजवतात. सोबत बाजरीचे उंडे, वर आंबील. चव अशी की रागातही हात थांबत नव्हता. शी! मला माझीच लाज वाटली.

"हरभरा घरचाच?" काकांनी सहज विचारलं.

"म्हंजे? येळवशीला दुसऱ्याच्या रानातला घालतेत व्हय? ज्या रानाला निवद दाखवायचा त्याच रानातलं पायजे." दत्तरावांच्या सूनबाई पदरानं तोंड झाकून हसल्या.

आंबील शिंपडायला दत्तरावांचा भाऊ मडकं घेऊन पिकातनं निघाला. मागं पोरांची झुंड, आरोळ्या ठोकत. एका नातवानं धावता धावता हरभऱ्याचा डहाळा उपटला आणि तसाच दातानं घाटे सोलून खायला लागला. मी दचकून उठले. काकांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"घाबरू नका," ते हळूच म्हणाले. "त्याची आई बघायलीय. घाबरली का ती?"

नव्हती घाबरली. ती गाडीतून पाण्याच्या बाटल्या काढत होती.

४

रुख्मिणीबाईंचं रान मधलं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून बाई एकटीनं शेती करते, आणि तिच्या तोंडापुढं उभं राहायची गावात कुणाची हिंमत नाही. आम्ही बांधावर पाय ठेवायच्या आत सुरू झाली.

"मेली? बरं झालं! काय बगताव असं डॉक्टरीणबाई? मी खोटं बोलत नसते. माझा दोन साल हरभरा खाल्ला मेल्यांनी. अर्ज केला तर मनतेत फोटो आणा. रातच्याला हरणांचा फोटो काढत बसू का मी? थांबा रे, म्हणू, जरा हसा?"

"मग तुम्हीच घातलं का विष?" मी चिडून विचारलं.

"घातलं असतं!" ती फाडकन म्हणाली. "ठाव असतं कोणतं घालतेत तर घातलं असतं. पण मी म्हातारी एकटी खाते ह्याच रानातलं. विष घालून मीच मरू?" आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. "पाडसबी मेलं म्हणायलेत. खरं हाय का?"

"हो."

तिनं आम्हाला बसवलं, भज्जी वाढली, स्वतःही आमच्यासोबत जेवायला बसली.

"लय नास करतेत वो," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माझं एक सोडा. त्या मुंजाजीचं बगा. काल दिस मावळताना त्याची लक्ष्मीबाई आली माझ्याकडं. मनली, आक्का, आमच्या रानात भज्जीला घालायला मूठभर हरभरा राहिला न्हाई, समदा हरणांनी बुडखापातुर खाल्ला. तुमचा देता का? डोळ्यात पाणी हुतं बाईच्या. येळवशीला दुसऱ्याच्या दारात हरभरा मागायची येळ यावी, ह्याच्यापरीस वंगाळ काय हाय? मी ओटीभर दिला."

मला मुंजाजीची कीव आली. वर क्रशरवाले, मध्ये दत्तराव, आणि खाली असली गरीब माणसं. काका उंडा मोडून आंबिलीत बुडवत होते, खूप हळू.

"सिद्धोधनचं आणि मुंजाजीचं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"एका ताटात जेवतेत. मुंजाजीच्या पोरीच्या लग्नात सिद्धोधननं पंधरा दिस पाणी भरलं. त्यो इख घालील तर मी माझं नाव बदलीन."

"मग घातलं कुणी?"

रुख्मिणीबाईनं वर दत्तरावांच्या गाड्यांकडे बघितलं. "मी काय बोलू? मला ह्याच गावात राहायचंय."

माझी तर खात्रीच पटली. उठता उठता मी काकांना म्हटलं, "ठाण्यावर जाऊ. दत्तरावांचं नाव सांगू." काका म्हणाले, "अजून एक घर राहिलंय," आणि ओढ्याकडे चालायला लागले.

५

मुंजाजीच्या रानाला जुन्या साड्यांचं कुंपण होतं. लाल, हिरव्या, फाटक्या, काठीला काठी बांधून ताणलेल्या. वाऱ्यानं फडफडतात, हरणं बिचकतात. गावाच्या बाजूनं एक फट होती, तिथनं आम्ही आत शिरलो. गायरानाच्या बाजूच्या साड्या मात्र सोडून, नीट गुंडाळून काठ्यांच्या बुडाशी ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, आज पाहुण्यांसाठी मोकळं केलं असेल.

आत हरभरा गुडघ्याला लागत होता. गर्द, घाट्यांनी लगडलेला. असं सुंदर पीक मी त्या दिवसभरात पाहिलं नव्हतं.

"या सायेब," मुंजाजी उठला. सकाळपेक्षा आणखी सुकलेला दिसत होता. "सोडतेत का वो त्याला?"

"बघू. तुमचं काय म्हणणं? कुणी केलं असेल?"

"काय सांगावं." त्याची नजर पायाकडे. "हरणं काय, फिरतेत. कुणाच्याबी रानात खातेत."

लक्ष्मीबाईंनी ताटं मांडली.  त्यांची नात, राजनंदिनी, चार-पाच वर्षांची, आजीच्या पदराचं टोक धरून बसली होती. मुंजाजी आंबिलीचं मडकं घेऊन शिंपडायला निघाला तशी पोर उड्या मारत उठली.

"मीबी येते आबा!"

"बस खाली!" लक्ष्मीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मी चमकले. मग आमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "काटे हायत वो रानात. अनवाणी हाय लेकरू." पोर भोकाड पसरून रडायला लागली. मुंजाजी एकटाच गेला, बांधाबांधानं, पिकात न शिरता. आरोळी द्यायची असते ती त्यानं कशीबशी दिली. ऐकवत नव्हती.

"बबिताकडं डबा पाठवलाव का?" काकांनी विचारलं. "दर साल पाठवताव ना?"

"पाठवला," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. "तिनं घेतला न्हाई. मनली, आज घशाखाली उतरायचं न्हाई."

भज्जीत हरभरा होता. मी खाल्ला. काकांनीही खाल्ला. मुंजाजी समोर बसला होता, पण त्यानं ताटाला हातसुद्धा लावला नाही.

६

कोरड्या ओढ्याकाठी एका लिंबाखाली काका बसले. मी उभीच राहिले.

"सांगा आता. तीन घरी जेवलात. काय कळलं? मला तर एवढंच कळलं की पोट फुटायला आलंय."

"मुंजाजीचा हरभरा कसा हाय?"

"झकास आहे. का?"

"लक्ष्मीवहिनींनी काल रुख्मिणीबाईला काय सांगितलं?"

मी वळून मुंजाजीच्या रानाकडे बघितलं. बुडखापातुर खाल्ला. मूठभर राहिला नाही. 

"तुमी पूर्णेच्या. तुमाला हे साधं वाटलं," काका म्हणाले. "आमच्याकडची बाई येळवशीला उपाशी राहील, पण दुसऱ्याच्या रानातला हरभरा आपल्या निवदाला घालायची न्हाई. आणि हरभऱ्याबिगर भज्जी रांधायची न्हाई. रानात गुडघ्याएवढं पीक उभं असताना ती मागायला गेली, खोटं बोलून. कामून?"

"खाण्यासारखा नव्हता म्हणून." मी म्हटलं. "पण काका, विषाचं कळलं म्हणून भीतीनं—"

"कधी कळलं? हरभऱ्यावर विष हाय, हे आज सकाळी तुमी हरणाचा जबडा उघडला तवा कळलं. तुमाला आणि मला. बाकी गावाला अजून वाटतंय पाण्यात हाय. म्हणून दत्तरावाचा नातू डहाळे खातोय, रुख्मिणीबाई आपलाच हरभरा खातीय. लक्ष्मीवहिनी काल मावळतीलाच मागायला गेल्या. हरणं मरायच्या आधी."

"दत्तरावांनी मुंजाजीच्या रानात फवारलं असेल! आळ आणायला."

"मग वहिनींना कसं ठाव? आणि साड्या? मला सांगा, पाहुणे कुठनं येतेत, गावाकडनं का डोंगराकडनं? डोंगराकडनं फक्त हरणं येतेत. त्या बाजूच्या साड्या त्यानं फाडल्या न्हाईत, सोडून घडी घालून ठेवल्या. वाट करून दिली त्यांना."

मी खाली बसले. मला दत्तराव हवा होता. त्याच्यावर चिडणं मला सोपं होतं. आणि हा टोपी काढून तोंड पुसणारा माणूस!

"पण सिद्धोधन त्याचा मित्र आहे, काका. हा तिथंच उभा होता. जीप निघेपर्यंत."

"व्हय," काका म्हणाले. "तेच तर माझ्या घशात अडकलंय. आणि आपल्यापाशी पुरावा काय? भज्जी. जमादार हसतील." ते उठले. "चला, परत जाऊ."

७

आम्हाला परत आलेलं बघून लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. काका काही न बोलता पिकात शिरले. कडेचं नाही, पार मधलं एक झाड निवडलं, एक डहाळा उपटला आणि कोपीपुढं येऊन बसले.

"वहिनी, भज्जी झकास झाली," ते म्हणाले. "पण म्हटलं, तुमच्या रानातला हिरवा हरभरा तसाच खाऊन बघावा." एक घाटा तोडून त्यांनी तोंडाकडे नेला.

"सायेब, न्हाई!"

लक्ष्मीबाईंनी झडप घालून त्यांच्या हातावर फटका मारला. डहाळा मातीत पडला. त्यांनी तो पायानं दूर लोटला आणि तिथंच बसकण मारली. "हात धुवा," त्या रडत म्हणाल्या. "आधी हात धुवा सायेब. साबण देते."

मी काकांच्या हातावर घागर ओतली.  मुंजाजी कोपीच्या दाराशी उभा होता.

"काल कडंच्या दोनच ओळींवर बिनपाण्याचं औषध मारलं हुतं," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "वारं सुटलं. फवारा कुठवर गेला, मला न्हाई सांगता येत."

"साड्या का सोडल्यास?" काकांनी विचारलं.

"त्याबिगर ती कडंच्या ओळीला आली नसती." तो बोलायला लागला आणि थांबेना. "तीन साल, सायेब. तीन साल ह्या रानात दाणा झाला न्हाई. रात्र रात्र माळ्यावर बसलो, डबा वाजवला. सिद्धोधन बसला माझ्यासंगं. पहाटं डोळा लागला की कळप आत. वर डोंगरात त्यांना काय ठेवलंय कुणी? मलाबी कळतंय ते. पण माझ्या लेकराच्या तोंडचं किती दिस देऊ? मला वाटलं, एक-दोन मरतील, बाकीची भेतील, पुन्हा येणार न्हाईत. डोंगरात जाऊन मरतील, कुणाला कळणारबी न्हाई."

"आणि मेली सिद्धोधनच्या दारात," मी म्हटलं. दया येत होती आणि कानाखाली मारावीशीही वाटत होती. "तुम्ही बघत उभे राहिलात!"

"बोलायचं हुतं मला. तोंडापातुर आलं हुतं." तो लक्ष्मीबाईंकडे बघायला लागला. "सात वर्षं मनतेत. मी गेलो तर हिचं काय, नातीचं काय?"

"बबिताचं काय?" लक्ष्मीबाईंनी विचारलं. त्या उठल्या, नातीला कडेवर घेतलं. "तुमी न्हाई बोललाव तर मी बोलते. रात्रभर गप बसले, आज दिवसभर बसले. आता मला न्हाई सोसत."

मुंजाजी काकांच्या जीपमध्ये बसला, मागं नातीला घेऊन लक्ष्मीबाई. पण वाटेत तो काकांना हळूच म्हणाला, "सायेब, मी ठाण्यात काय बोलीन मला ठाव न्हाई. मी कधी ठाण्याची पायरी चढलो न्हाई." मला भीती वाटायला लागली. हा कानावर हात ठेवील. मग आमच्यापाशी उरेल ती एका बाईची रडारड आणि उग्र वासाचा हिरवा चोथा.

८

ठाण्याच्या ओसरीत बबिता भिंतीला टेकून बसलेली. आत, बाकाशेजारी फरशीवर सिद्धोधन. मी त्याला जवळून पहिल्यांदाच बघत होते. रापलेला, उंच, पाय पोटाशी घेतलेले. जमादार टेबलाशी चहा पीत होते.

"काय साहेब, आज येळवस आणि तुमी हिकडं?"

काका काही बोलायच्या आत सिद्धोधनची नजर आमच्या मागं गेली. मुंजाजी दारात उभा होता. आणि सिद्धोधनच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते मला अजून विसरता येत नाही. तो चक्क हसला.

"आलास व्हय!" तो उठून उभा राहिला. "जमादार, ह्यो बगा, ह्यो मुंजाजी. सकाळधरनं ह्याचंच नाव सांगायलोय तुमाला. ह्याला विचारा मी कसा हाय. बबिता, मी म्हणलो नव्हतो? म्हणलो हुतो ना, येळवस उरकली की मुंजाजी येतोय!"

मुंजाजीनं दाराची चौकट धरली. लक्ष्मीबाई मागं उभ्या होत्या.  जमादारांनी कप खाली ठेवला.

"म्या केलं," मुंजाजी म्हणाला.

"काय?" जमादारांना कळेना.

"इख. म्या घातलं. माझ्या हरभऱ्यावर. ह्याचा काही संबंध न्हाई. ह्याला सोडा." मग त्यानं सगळं सांगितलं, ओळी, साड्या, वारं. मध्ये एकदाही थांबला नाही. जमादार लिहून घ्यायला लागले. दोनदा त्यांनी विचारलं, "नक्की?" आणि दोन्ही वेळा तो "व्हय" म्हणाला.

सिद्धोधन उभाच होता. हसू कधीच गेलं होतं. त्याला रागही आलेला दिसत नव्हता, नुसता तो मुंजाजीकडे बघत होता, जणू काही ऐकायचं राहून गेलंय.

"ह्या बाजूला माझ्या हाळाबिगर पाणी न्हाई," तो शेवटी म्हणाला. "खाऊन ती तितंच यायची. तुला ठाव हुतं की रे. आपण दोघं बघत बसायचो रोज."

"ध्यानात आलं न्हाई," मुंजाजी म्हणाला. "आईची शपथ. पाण्याचं ध्यानातच आलं न्हाई."

"पाण्याचं ऱ्हाऊ दे." सिद्धोधनचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सकाळी मला गाडीत घातलं, तवा? तवा तरी मी आलो हुतो का तुझ्या ध्यानात?"

मुंजाजीनं टोपी काढून हातात धरली.  लक्ष्मीबाई हमसून रडायला लागल्या, आणि त्यांच्या कडेवरची पोर त्यांचं तोंड पुसायला लागली.

जमादारांनी सिद्धोधनला सही करायला लावली. बबितानं त्याच्या चपला शोधून त्याच्या पायापुढं ठेवल्या. काकांनी जीपनं सोडतो म्हणून सांगितलं, तर तो नको म्हणाला. दोघं नवरा-बायको पायरी उतरून रस्त्याला लागले. सगळीकडून रानातनं परतणाऱ्या गाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया येत होत्या, आणि त्या गर्दीतून ते उलट्या दिशेनं डोंगराकडे चालत होते. मुंजाजी खिडकीपाशी येऊन उभा राहिला. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत तो बघत होता. सिद्धोधननं मागं वळून बघितलं नाही.